अळ्यांबद्दल सविनय

बाळखाद्याच्या त्या कंपनीत एक रीत होती. बाहेर जाणारं प्रत्येक पत्र आधी स्वागतकक्षातल्या बाईंना मोठ्यानं वाचून दाखवायचं. बाईंच्या कपाळावर आठी पडली की पत्र परत, बाई हसल्या की पत्र पास.

या महिन्याच्या डब्यांत अळ्या निघाल्या, तेव्हा पत्रलेखकानं तीनच वाक्यं लिहिली. 'डब्यात अळ्या आहेत. बाळाला देऊ नका. डबा परत करा.'

"शी!" बाईंनी तोंडाला रुमाल लावला. "जेवायचंय हो मला अजून."

"बघा," साहेब म्हणाले. "मजकूर तोच राहू द्या, फक्त सूर बदला. आयांना धसका बसता कामा नये."

सूर बदलण्यात पत्रलेखकाचा हातखंडा होता. चौथ्या खर्ड्यापर्यंत अळ्यांचे 'नैसर्गिक घटक' झाले, 'देऊ नका'चं 'शक्य झाल्यास विश्रांती द्यावी' झालं आणि सुरुवातीला बाळाच्या पहिल्या हसण्यावर चांगला परिच्छेदभर मजकूर आला. बाई हसल्या. डोळेही टिपले. पत्र हजारो घरी गेलं, डबे परत आले अकरा. साहेबांनी त्याची पाठ थोपटली.

रविवारी तो धाकट्या बहिणीकडे गेला. आठ महिन्यांचा भाचा तिच्या खांद्यावर मलूल पडला होता.

"तीन दिवस जुलाब होतायत रे. दात येत असतील."

ओट्यावर डबा होता. फ्रिजच्या दारावर त्यानंच लिहिलेलं पत्र.

"तू तर दुसऱ्या कंपनीचं द्यायचीस ना?"

"या महिन्यापासून हे आणलं. म्हटलं, भावाची कंपनी आहे. आणि पत्र काय गोड लिहिलंय रे! इतकी काळजी तर याचा बापही करत नाही."

"मग डबा परत का नाही केलास?"

"परत? असं कुठे म्हटलंय?"

म्हटलं होतं. शेवटून दुसऱ्या ओळीत, दोन आभारांच्या मध्ये. त्यालाही शोधावं लागलं. मग त्यानं चमचाभर पावडर ताटलीत ओतली. पावडर हलली.

बहीण ओकारी दाबत म्हणाली, "सरळ लिहायला काय धाड भरली होती त्या मेल्याला?"

"मीच लिहिलंय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मघाशी ताटलीकडे बघत होती, तशीच.

बाळाला घेऊन डॉक्टरकडे निघण्याआधी त्यानं पत्र उलटं केलं आणि पाठीवर जाड पेनानं ती तीन वाक्यं लिहिली.

"खाली नाव टाक," ती म्हणाली. "हुद्द्यासकट."

नोकरी डोळ्यांसमोर आली. हातानं सवयीनं 'स्नेहांकित' लिहायला घेतलंच होतं. ते खोडून त्यानं नाव, हुद्दा आणि कंपनी लिहिली आणि कागद इमारतीच्या दारावर चिकटवला.

वरच्या मजल्यावरची शेजारीण बाहेरून येत होती. तिनं वाचलं.

"काय घाणेरडं लिहितात लोक!" असं म्हणत ती हातातली पिशवी तिथंच टाकून दोन-दोन पायऱ्या चढत वर धावली.