गुळव्याचं नाक

गुऱ्हाळावर ज्योतिबाच्या नाकाला मान होता. काहिलीतला उसाचा रस आटत आला की तो कडेला जाऊन उभा राहायचा, डोळे मिटायचा, वाफ छातीत भरून घ्यायचा आणि म्हणायचा, "उतरवा." मग गडी काहील उचलून पाक गार व्हायला पसरट वाफ्यात ओतायचे. उतरवायला उशीर झाला तर गूळ करपून काळा पडतो. घाई झाली तर बसतच नाही, नुसती चिकट राड होते. या दोहोंमधली वेळ ज्याला कळते तो गुळव्या. ज्योतिबाच्या घराण्यात त्याच्या आधी सगळे मेंढरांमागं हिंडलेले. पहिला गुळव्या तोच. त्याची बायको रुपाली हे कुणी न विचारताच सांगायची.

त्या हंगामात अवकाळी पावसानं चिपाडांची गंजी भिजली. ओली चिपाडं धुमसायची, पेटायची नाहीत. मग हौसराव, ज्यानं नदीच्या दौंडकडच्या काठावरचं हे गुऱ्हाळ चालवायला घेतलं होतं, त्यानं जुन्या टायरांचे तुकडे आणि चपलांच्या कारखान्यातली कातरण ट्रक भरून आणली. चुलवाणात जाळ घालणाऱ्या पोपटनं पहिलं टायर आत ढकललं आणि धुराड्यातून काळा लोट उठला.

"काय पेटतीय बघ!" हौसराव खूश झाला. "चिपाडाला असला जोर हाय का?"

जोर होता खरा. रस भराभरा आटायचा. पण महिन्याभरात ज्योतिबाचं नाक गेलं. आधी नुसतं पाणी गळायचं, मग एक बाजू बंद, मग दोन्ही. तोंड उघडं टाकून झोपायचा, घसा कोरडा पडून उठायचा. औषधाच्या दुकानातून त्यानं नाकात घालायचे थेंब आणले. थेंब घातले की नाक उघडायचं, त्यांचा गुण उतरला की दुप्पट मिटायचं. शेवटी ती बाटली चुन्याच्या डबीसारखी त्याच्या खिशात राहायला लागली.

रुपालीनं त्याला ओढतच दौंडला डॉक्टरकडं नेलं. लेकरू, माऊली, तिच्या कडेवर. डॉक्टरनं बॅटरी लावून नाक बघितलं, रक्त तपासलं.

"ॲलर्जी निघत नाही," ते म्हणाले. "नाकाचं आतलं अस्तर चिडलंय. धूर, उग्र वास, गरमातून एकदम गारठ्यात येणं, यांनी चिडतं. आणि त्यात ह्या थेंबांनी भर घातलीय. ते पहिले बंद करा. थोडे दिवस त्रास वाढेल, वाढू द्या."

"मग काय घालू?"

"मीठ-पाणी. उकळून कोमट केलेलं पाणी, त्यात चिमूटभर मीठ. सकाळ-संध्याकाळ नाक धुवा. साध्या पाण्याची वाफ घ्या, वर काही टाकू नका. पाणी भरपूर प्या. आणि धुरापासून लांब राहा."

ज्योतिबा हसला. "डॉक्टरसाहेब, मी गुऱ्हाळावर असतो."

"तेच सांगतोय मी," डॉक्टर म्हणाले.

रुपालीनं सगळं मनावर घेतलं. पहाटे पाणी उकळायची, निवू द्यायची, मनगटावर थेंब टाकून बघायची, जसं माऊलीच्या अंघोळीचं बघायची तसंच. ज्योतिबा धोंड्यावर ओणवा व्हायचा, मान वाकडी करायचा आणि ती चहाच्या किटलीच्या तोटीनं एका नाकपुडीत पाणी सोडायची. दुसरीतून काजळी मिसळलेला शेंबूड यायचा. पहिल्या दिवशी त्याला ठसका लागून तो ओरडला, "बुडवती का काय मला!" पण चारसहा दिवसांत सकाळचं नाक मोकळं व्हायला लागलं. एकदा त्यानं माऊलीच्या टाळूला नाक लावलं आणि तसाच बसून राहिला.

"काय झालं वं?"

"दुधाचा वास येतोय गं ह्याच्या डोक्याला," तो म्हणाला.

तो वास दुपारपर्यंत टिकायचा नाही. चुलवाण पेटलं की नाक पुन्हा दगडासारखं.

रुपालीची सासू, धुरपदा, नदीपलीकडच्या वडगाव रासाईहून नातवाला बघायला आली तेव्हा किटली बघून हसली नाही. "मेंढरांची नाकं वाहाया लागली की आमी औषध न्हाई हुडकलं. वाडा हलवला. माणसं, कुत्री, मेंढरं, समदं उचलून वाऱ्याच्या अंगाला."

"आये, गुऱ्हाळ काय मेंढरांचा वाडा हाय व्हय उचलायला?" ज्योतिबा चिडला. "दुसरीकडं गेलो तर परत गडी म्हणून उभं राहायचं. मी गुळव्या हाय."

"नाक हाय तवर," धुरपदा म्हणाली आणि पिशवी उचलून एस्टीला निघाली.

त्याच आठवड्यात काहिलीतलं एक आधण करपलं. सगळ्या गुऱ्हाळाला वास आला, ज्योतिबाला आला नाही. काळ्याठिक्कर ढेपा बघून हौसराव गड्यांसमोर म्हणाला, "शेंबड्या, नाक काय सासुरवाडीला ठिवून आलास का? पुन्यांदा असं झालं तर दुसरा गुळव्या बघतो."

डोळ्यांनी आणि हातांनीही पाक कळतो. बुडबुडे बघता येतात, थेंब गार पाण्यात टाकून गोळी वळते का बघता येतं. पण धुरानं डोळे सारखे गळत, आणि टायरच्या जाळावर पाक एवढा झपाट्यानं पुढं जाई की गोळी वळेपर्यंत वेळ निघून गेलेली असे. हे त्यानं फक्त रुपालीला सांगितलं. सांगताना तो रडत होता की नाकच गळत होतं, तिला कळलं नाही.

"माझं नाक हाय की," ती म्हणाली.

काहिलीजवळ बाईमाणूस उभं राहिलेलं हौसरावला चालायचं नाही. पण पत्र्याच्या छपराच्या कडेला माऊलीची झोळी बांधायला कोण अडवणार? तिथून वाफ अंगावर यायची. ठरलं असं की रुपालीनं झोका द्यायचा आणि अंगाई म्हणत राहायचं. पाकाचा वास फिरला, कच्च्या रसाचा जाऊन खमंग झाला, की अंगाई थांबवायची. अंगाई थांबली की ज्योतिबानं म्हणायचं, "उतरवा."

अंगाई धुरपदाचीच होती. विकलेल्या मेंढरांची नावं घालून तिनं ती रचली होती. "बांडी आली, काळी आली, लंगडी राहिली मागं..." रुपाली म्हणत राहायची. वास फिरायचा. ती गप्प व्हायची. ज्योतिबा हात वर करायचा. ढेपा पुन्हा पिवळ्याधमक निघायला लागल्या. हौसराव म्हणाला, "आलं बाबा नाक सासुरवाडीहून!" आणि गडी हसले. ज्योतिबाही हसला. संध्याकाळी तो रुपालीच्या हातातला तवा घेऊन म्हणाला, "बस तू. आज भाकरी मी थापतो." जगाचे नकाशे थापले. तिनं सगळे खाल्ले.

माऊलीचं नाक कधी सुरसुरायला लागलं ते तिला नीटसं आठवत नाही. आधी तिला वाटलं गारठा. मग तो दूध प्यायला तोंड लावायचा, दोन घोट घ्यायचा आणि तोंड काढून रडायचा. नाक बंद असलं की तान्ह्या लेकराला एका वेळी दूध तरी पिता येतं नाहीतर श्वास तरी घेता येतो. ती मीठ-पाण्याचा एकेक थेंब त्याच्या नाकात सोडायची, कापसानं पुसायची. घटकाभर मोकळं व्हायचं, तो पोटभर प्यायचा. मग पुन्हा झोळी, पुन्हा ती वाफ, पुन्हा धूर. कापसावर काळं यायचं. तिनं तो कापूस चुलीत टाकला, नवऱ्याला दाखवला नाही. हंगाम सरत आला होता. एवढे दिवस निघाले की झालं, असं ती स्वतःला सांगत होती.

त्या दुपारी काहील नुकतीच फसफसायला लागली होती. वास अजून कच्चा होता. रुपालीनं माऊलीला पदराखाली घेतलं होतं आणि एका पायानं रिकामी झोळी हलवत ती म्हणत होती, "बांडी आली, काळी आली..." तेवढ्यात माऊलीनं अंग ताठ केलं. दूध नाकातोंडाशी आलं. ओठ निळे. आवाज नाही. तिनं त्याला पालथं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडानं त्याचं नाक ओढून मोकळं केलं. थुंकली. पुन्हा ओढलं.

मागून ज्योतिबाचा आवाज आला, "उतरवा!"

माऊली रडला तेव्हा काहील वाफ्यात रिती झाली होती. ती ओरडली, "अवं न्हाई! न्हाई!" पण ते सगळ्यांसमोर, आणि उशिरा.

गूळ बसला नाही. वाफ्यात नुसता चिखल. हौसराव एकदा वाफ्याकडं, एकदा झोळीकडं बघत राहिला. अडाणी नव्हता तो.

"असं हाय व्हय," तो म्हणाला. "बायकूच्या नाकानं गूळ काढतोस?"

कुणी हसलं नाही. पोपटनं खाली बघितलं. त्यामुळं हौसरावलाच ओशाळल्यासारखं झालं असावं, कारण तो एकदम नरमला. "ज्योतिबा, मी काय तुला हाकलत न्हाई. पोपटला गावाकडं जायचंय. चुलवाणावर बस. तिथं नाक लागत न्हाई."

रुपालीला वाटलं, आता हा टॉवेल झटकेल आणि म्हणेल, चल. खोपीत आल्याआल्या ती गाठोडं बांधायला बसली. "चला. आत्याबाईंकडं. कांदं काढू, काय बी करू. लेकराला धूर सोसत न्हाई. त्याचं नाक तुमच्यावानी झालंय."

"तू घिऊन जा त्याला," ज्योतिबा म्हणाला.

"आन् तुमी?"

"गुळव्या म्हणून आलो हितं. गावात त्वांड कुठं दाखवू? पुढल्या हंगामात नाक सुधारलं तर मालक परत उभा करंल."

"टायरच्या तोंडाशी बसून सुधरंल?"

 माऊलीच्या पायाचा अंगठा धरून तो थोडा वेळ बसला. मग चुलवाणाकडं गेला.

वडगाव रासाईला माऊलीचं नाक मोकळं व्हायला फार दिवस लागले नाहीत. मीठ-पाणी होतंच, पण मुख्य म्हणजे धूर नव्हता. धुरपदा चूलही बाहेर, घराच्या पाठीमागं पेटवायची. माऊली एका दमात दूध प्यायचा आणि पीत पीतच झोपायचा. रुपाली त्याच्या छातीशी कान लावून तो सरळ, गुपचूप श्वास ऐकत राहायची. मग नदीपलीकडं बघायची. तिकडं काळा लोट उठलेला असायचा.

गुऱ्हाळाच्या सुट्टीला ज्योतिबा आला. अंगणाच्या बाहेरच थांबला. गाल बसले होते, तोंड उघडं, पापण्यांत काजळी.

"अंगुळ करून आलोय," तो म्हणाला. "साबण लावला. कापडं बी धुतलीत. वास येतोय का गं?"

येत होता. जळक्या रबराचा, चारपाच हातांवरूनही. कापडांत नव्हता तो, केसांत, कातडीत होता. तो तिच्याकडं बघत होता, कारण त्याला स्वतःला कळायचा दुसरा मार्ग नव्हता.

"न्हाई," रुपाली म्हणाली. "या."

त्यानं माऊलीला घेतलं. माऊलीनं त्याची मिशी ओढली. त्यानं पोराच्या टाळूला नाक लावलं, जोर लावून वास घ्यायला बघितला, मान हलवली. "काय बी न्हाई," तो हसून म्हणाला. पुन्हा टेकवलं, तसाच धरून राहिला.

मग त्याचं हसू गेलं. कान चांगले होते त्याचे. पोराच्या नाकातली बारीक शिट्टी त्याला रुपालीच्या आधी ऐकू आली.

त्यानं माऊलीला तिच्या हातात दिलं, दोन पावलं मागं झाला, मग आणखी मागं, पार बाभळीपर्यंत.

"वाफ दे त्याला," तिथूनच तो म्हणाला. "मी निघतो."

"जेवून तरी जा," रुपाली म्हणाली.

"हितंच आणून दे."

धुरपदानं ताट वाढलं. रुपालीनं ते त्याच्यापासून थोडं लांब, जमिनीवर ठेवलं आणि ती पोराला घेऊन मागं सरली, तेव्हा कुठं तो पुढं येऊन जेवायला बसला.