दुसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही

मी गिटार बोलतेय. विजेवर वाजणारी, चेरीच्या रंगाची, जरा जुनी आणि खरं सांगायचं तर फार घाबरट. दार आपटलं तरी माझ्या तारा शहारतात.

त्या सकाळी माझ्या मालकाने, कालेर्वोने, माझ्या तारा सैल केल्या, तेव्हा मला पहिल्यांदा खटकलं. वाद्य बरेच दिवस वाजणार नसेल तरच तारा सैल करतात. आणि शनिवारी तर नाच होता! मी वाट पाहिली. आता पिळेल खुंट्या, आता पिळेल. त्याने मला पेटीत ठेवून झाकण लावलं.

माझा जन्म स्वीडनमधल्या एका कारखान्यातला. कडेने मी पोकळ, मधोमध भरीव ठोकळा. धड ही ना धड ती, असं लोक म्हणायचे. कालेर्वोला मात्र तेच आवडायचं. उन्हाळाभर तो फिनलंडमधल्या तळ्याकाठच्या नाचमंडपात टँगो वाजवायचा. बायकांनी जोडीदार निवडायची पाळी आली की भलेभले पुरुष भिंतीला टेकून घामाघूम व्हायचे. मग कालेर्वो चाल मुद्दाम संथ करायचा आणि पुटपुटायचा, "धीर धरा रे, खात नाहीत त्या!" तो हसला की त्याचं पोट माझ्या पाठीशी हलायचं. ते हलणं अजून माझ्या लाकडात आहे.

पुढे त्याची बोटं आखडली. त्या सकाळी त्याने मला कुओपिओ शहरात ऊर्पोच्या वाद्यांच्या दुकानात आणून ठेवलं आणि मागे न बघता निघून गेला. बघितलं असतं तर पाय निघाला नसता, अशी मी माझी समजूत घालते.

ऊर्पोने मला सुरात लावलं, भिंतीवर टांगलं. तिथून माणसं छान दिसतात. सगळ्यात मोठ्याने वाजवणारे सहसा काही घेत नाहीत. घेणारे आधी किंमत नाही, वजन बघतात.

ईल्ता मात्र काहीच करायची नाही. बाजारात माशांच्या गाळ्यावर काम करणारी ही मुलगी खिशात हात घालून माझ्याखाली उभी राहायची. पण खिशातली बोटं हलायची. कुठली तार, कुठली पट्टी, मला वरून कळायचं! माझा जीव नुसता तुटायचा.

पहिल्या दिवशी ऊर्पोने विचारलं होतं, "काढून देऊ का खाली?"

"नको, राहू दे."

"बरं," म्हणून तो आपल्या कॉफीकडे वळला.

इकडच्या, सावो प्रांतातल्या माणसांचं हे असंच. साधी कॉफीसुद्धा पहिल्या विचारण्याला कुणी घेत नाही. आधी नको म्हणायचं, पुन्हा आग्रह झाला की कप पुढे करायचा. ईल्ता त्या पुन्हाची वाट बघत होती. आणि गिऱ्हाइकाच्या मागे लागणं ऊर्पोला असभ्य वाटायचं. दोघंही सभ्य, आणि त्यांच्या सभ्यतेपायी मी खिळ्याला.

मग एक हॉटेलवाला आला. मला बोटाने ठोकून म्हणाला, "आतलं सगळं उपसून दिवा बसवला तर? झकास दिसेल."

मी गारठलेच. ऊर्पोचाही चेहरा उतरला, पण धंदा थंड होता. "तुमची मर्जी. पण वाजवून दाखवल्याशिवाय मी काही विकत नाही."

"मला कुठे वाजवायचीय?"

"तुम्ही नका ऐकू. मी ऐकतो."

त्याने मला वायर लावली, दोन सूर काढले, स्पीकरला टेकवून ठेवलं आणि पेटी आणायला आत गेला. स्पीकर बंद करायचा राहूनच गेला. इतका सावध माणूस, पण त्या दिवशी त्याचं मन थाऱ्यावर नव्हतं.

पोकळ अंगाच्या गिटारीला स्पीकरजवळ तसं ठेवलं की स्पीकरचा आवाज तिच्या पोटात शिरतो, तारा हलवतो, पुन्हा स्पीकरमधून बाहेर येतो आणि वाढत जातो. वाजवणारे याला दोष म्हणतात. म्हणोत. माझ्याकडे दुसरा आवाज नव्हता. मी आधी घुमले, मग कण्हले, मग अशी टाहो फोडून ओरडले की खिडकीच्या काचा थरथरल्या.

"अहो, बंद करा हे!" हॉटेलवाल्याने कान झाकले.

ईल्ता दाराशीच होती. ती धावत आली आणि तिने अख्खा तळवा माझ्या तारांवर ठेवला.

सगळं शांत झालं. तळवा गार होता, माशांचा वास येत होता.

ऊर्पो पेटी घेऊन धावत आला. ईल्ता कानापर्यंत लाल झाली, पण हात काही तिने उचलला नाही.

"मला हवीये ही."

"अगं पोरी, मी विचारलं तेव्हा नको म्हणालीस की!"

"एकदाच विचारलंत तुम्ही."

ऊर्पोने कपाळावर हात मारला. मग हॉटेलवाल्याकडे वळला. "साहेब, माझ्याकडे एक फाटका ढोल आहे. त्यात दिवा फार छान बसेल. फुकट न्या."

"म्हणजे? मी आधी आलो होतो!"

"नाही हो. ही थंडीपासून येतेय."

तुमच्याही घरी एखादं वाद्य भिंतीवर असेल. ते शोभेला आहे असं समजू नका. निदान येता-जाता एक बोट फिरवा.

ईल्ताने तळवा उचलला. अंगठ्याने माझी सगळ्यात जाड तार अगदी हळू छेडली, आणि माझ्या अंगाला कान लावला.

"हं," ती म्हणाली. ऊर्पोला नाही, मला. "ऐकतेय मी. बोल."