हाल कुठे जास्त

मुलाची आई आणि मावशी शिवणवालीच्या मुलीला बघायला आल्या होत्या, नेमकी तेव्हाच नगरपालिकेची पाहणीवाली दारात उभी राहिली. हातात मोबाइल.

"पडद्यावर दोन दोन वस्त्यांची नावं येतील," ती शिवणवालीला म्हणाली. "जिथे हाल जास्त, त्या वस्तीवर बोट ठेवायचं. राहणाऱ्यांइतकं कुणाला कळणार?"

शिवणवालीने भराभर बोटं ठेवली. मग एका बाजूला आली तिची स्वतःची नाल्याकाठची वस्ती, दुसऱ्या बाजूला टेकडीवरची. तिथे तिची धाकटी बहीण राहायची. टेकडीवर निदान पहाटे तरी नळाला धार यायची; इथे टँकर, तोही त्याच्या मनात आलं तर.

मुलाची मावशी मान लांब करून बघत होती.

शिवणवालीने टेकडीवर बोट ठेवलं. "आमच्याकडे काही कमी नाही," ती पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

आत मुलगी डब्यातलं पाणी पेल्यांत ओतत होती. तिचा हात थांबला.

नवऱ्यानेही दुकानात तेच केलं होतं. "दाढीला बसलेल्या गिऱ्हाइकासमोर काय सांगू, गटारात राहतो म्हणून?" वस्तीत जो तो आपली झाकली मूठ सांभाळत राहिला. टेकडीवर मात्र धाकटी दारोदार फिरली होती. "लाज गुंडाळून ठेवा," तिने बजावलं होतं, "आणि आपल्यावरच बोट ठेवा."

आठवड्याभरात मध्यस्थ नकार घेऊन आला. "मुलगी चांगली आहे हो. पण नाल्याचा वास काय दार लावून थांबतो?"

पुढे पाहणीचा निकाल लागला. नकाशात टेकडी लालभडक, नालाकाठ फिकट पिवळा. नवी जलवाहिनी आणि दवाखाना टेकडीला मिळाला. शिवणवाली कचेरीत गेली, तर समोर तीच पाहणीवाली.

"तुम्हीच सांगितलंत ना. आम्ही पदरचं काही घातलं नाही."

"पाहुणे बसले होते हो घरात."

"ते यात कुठे लिहिणार?" ती सौम्यपणे म्हणाली.

उन्हाळ्यात टँकर बंदच झाला. मायलेकी डबे घेऊन टेकडी चढल्या. धाकटी नळावरच होती.

"ताई, रागावू नकोस, पण आधी इथल्यांचं भरू दे. लोक मला बोलतात."

"खोटं सांगत फिरलीस, तेव्हा नाही बोलले?"

"खोटं तूही सांगितलंस," धाकटी डबा सरकवत म्हणाली. "माझं फळलं."

 शिवणवालीने मागे पाहिलं. मुलगी रिकामा डबा घेऊन टेकडी उतरायला लागली होती. तिला हाक मारायचं धाडस शिवणवालीला झालं नाही. ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.