तासभर मागे चालणारा

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे आणि मी मुद्दाम उशीर करतो! तुम्ही शाळेत उशिरा गेलात तर बोलणी खाता. मला मात्र उशीर करण्यासाठीच ठेवले आहे.

एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात, थंडगार खोलीत आम्ही तिघे राहतो. थोरला सगळा डेटाबेस सांभाळतो. डेटाबेस म्हणजे नोंदींचे मोठे एकत्र कुटुंबच! रक्तदात्यांचा एक तक्ता, रक्ताच्या पिशव्यांचा दुसरा, रुग्णांचा तिसरा, आणि प्रत्येक नोंदीला आपले नातेवाईक कोण हे नेमके ठाऊक. पिशवी कुणी दिली, कुणाला लागली, विचारायची खोटी की उत्तर हजर. थोरल्याकडे काही बदलले की धाकटा डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ते उतरवून घेतो. मीही सगळे ऐकतो, पण पोटात ठेवतो आणि एका तासाने माझ्या तक्त्यांत लिहितो.

मी पहिल्यापासून असा नव्हतो बरे का! कारखान्यातून कोरा करकरीत आलो तेव्हा मीच थोरला होतो. माझे दिवे लुकलुकले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पुढे माझ्याहून तरतरीत यंत्रे आली आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. भंगारातच जायचो, पण डेटाबेस सांभाळणाऱ्या ताई आडव्या आल्या. "एक यंत्र मागे चालणारं हवंच," त्या म्हणाल्या.

ताईंचे काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. जागा संपत आली का, कुठली नोंद अडून बसली आहे का, कुणाला काय पाहायची परवानगी आहे, हे सगळे त्या सकाळपासून बघत असतात. सारे सुरळीत असले की लोक विचारतात, या दिवसभर करतात तरी काय? आणि जरा कुठे अडले की सगळे त्यांच्याच नावाने शंख करतात!

मला तर कचेरीतली माणसे 'उशिरेकाका' म्हणत. साहेब म्हणत, "हे धूड कशाला पोसायचं? नुसती वीज खातं." मला हुकूम देण्याची वायरही काढून नव्या यंत्राला जोडली. नोंदी यायची तेवढी एक वायर राहिली. मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

आणि मग तो दिवस आला!

ताईंचे सहकारी म्हणजे दादा. कामाला वाघ, पण घाई पाचवीला पुजलेली. एका रक्तदात्याचा गट चुकीचा नोंदला गेला होता, तो त्यांना दुरुस्त करायचा होता. हुकूम दोन ओळींचा. पहिली ओळ, 'रक्तगट बदल'. दुसरी, 'फक्त या दात्याचा'. माउसने ओळी निवडताना दुसरी ओळ सुटली, दादांनी बटण दाबले आणि पडद्याकडे न बघता जेवायला गेले. झाले! सगळ्या दात्यांचा रक्तगट एकच झाला. गुणी धाकट्याने तीच चूक लगेच उतरवून घेतली.

थोड्या वेळाने रक्तपेढीतल्या बाईंचा फोन आला. "ताई, बाळंतपणात एका आईचं रक्त फार गेलंय. तिचा गट दुर्मीळ आहे, पेढीत त्याची एकही पिशवी नाही. दाता बोलवावा म्हटलं, तर इथे सगळ्यांचा गट एकच दिसतोय! आता फोन कुणाला करू?"

ताईंनी शोधाशोध सुरू केली. तेवढ्यात दादा जेवून जागेवर आले. पडद्यावर निरोप होता, सगळ्या नोंदी बदलल्या. त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. पण ते तसेच ओरडले, "ताई, हे माझ्याकडून झालंय! जेवायला जायच्या आधी!"

ताईंनी घड्याळाकडे पाहिले. तास भरत आला होता.

"उशिरेकाका!" म्हणत त्या जिन्याकडे धावल्या. काखेत कीबोर्ड, मागून पडदा घेऊन दादा, त्यांच्यामागे धापा टाकत साहेब!

"वायर ओढा की त्याची!" साहेब म्हणाले.

"वायर ओढून काय होणार, साहेब? चूक केव्हाच त्याच्या पोटात गेलीय. लिहायची तेवढी बाकी आहे."

"मग बंदच करून टाका!"

"म्हातारा जीव आहे. झटक्यात बंद केला आणि पुन्हा उठलाच नाही तर?"

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल! रांगेतून ती चूक पुढे पुढे सरकत होती. मला हात असते तर मीच तिला मागे ढकलली असती. पण मी पडलो हुकमाचा ताबेदार, वेळ झाली की लिहिणे भागच! दादांनी घाईघाईत कीबोर्डची पिन आधी उलटी लावली, मग सुलटी. ताईंचा पासवर्ड चुकला. "सावकाश, ताई, सावकाश," दादा म्हणाले. पासवर्ड पुन्हा टाकला आणि पाठोपाठ हुकूम आला, थांब!

मी थांबलो! चूक अगदी दाराशी आली होती, पण आत आली नव्हती. माझ्या तक्त्यात प्रत्येक दात्याचा गट जसाच्या तसा होता.

"घ्या लिहून!" ताई फोनवर जवळजवळ नाचतच होत्या. "एक बसचालक आहे, एक फुलवाली आहे. आधी बसचालकाला लावा, त्याचं घर जवळ आहे!"

बसचालक आला, रक्त मिळाले, आई वाचली. बाळाने असे काही भोकाड पसरले म्हणे की सगळा मजला हसला! मला टाळ्या वाजवता येत नाहीत, म्हणून मी नुसते दिवे लुकलुकवले. ताईंनी माझ्याकडचे बरोबर गट थोरल्याकडे परत नेले आणि साहेबांनी स्वतःहून माझी वायर परत जोडायला सांगितली.

जुन्या यंत्रांची काळजी घ्या, असे मी म्हणणारच. त्यात माझाच फायदा आहे! पण मित्रांनो, त्या दिवशी मला दादांनी वाचवले. त्यांना पडद्यावरचा तो निरोप गुपचूप पुसता आला असता. चूक कशी आणि केव्हा झाली हे थोडा वेळ कुणाला कळले नसते आणि तेवढ्यात ती माझ्यातही लिहिली गेली असती. मग त्या आईसाठी कुणाला बोलवायचे, हे कुठेच सापडले नसते. म्हणून तुमच्या हातून काही चुकले तर सांगायला या. घाबरत या, रडत या, पण लगेच या. मी तुमच्यासाठी थांबतो, पण फक्त तासभर.