मुकादमाच्या मनगटावरचा दोरा

माझी डावी काच तडकलेली आहे आणि पट्ट्याच्या जागी सुतळी आहे. तरीही मित्रांनो, मी दुर्बीण आहे, खेळणं नाही.

मला घडवलं ते सरहद्दीवरच्या पहाऱ्यासाठी. देश सोडून पळणारी माणसं पहारेकरी माझ्यातून हेरायचे. तेव्हा माझं फार कौतुक व्हायचं. थू त्या कौतुकावर! ते राज्य बुडालं आणि मी प्लोव्दिव शहराच्या जुन्या बाजारात गंजक्या चमच्यांत येऊन पडले. झ्लातिना आजीने मला उचललं आणि पाखरांकडे वळवलं. तेव्हा कुठे माझ्या डोळ्यांचं चीज झालं.

तिच्या घरासमोर बंद पडलेल्या तंबाखू कारखान्याचं धुराडं आहे, वर करकोच्याचं घरटं. घरटं नांदतं असेल तर कायद्याने धुराड्याला हात लावता येत नाही. यंदा करकोच्याला परतायला उशीर झाला, तोच मुकादम क्रुम पाडायचं यंत्र घेऊन हजर! अंधार पडायच्या आत धुराडं पाडून मोकळं व्हायचं होतं त्याला.

"आजी, घरात जा. तुझा करकोचा मेला असेल वाटेत."

"तुझी जीभ झडो! तुझ्याही मनगटाला दोरा आहेच की."

"आईनं बांधलाय," क्रुम ओशाळला.

लाल-पांढरा दोरा. मार्च लागताच आमच्याकडे सगळेच बांधतात. वर्षाचा पहिला करकोचा दिसला, की सोडून फुललेल्या झाडाला बांधायचा.

ऊन कललं. नदीपार एक ठिपका दिसला. आजीने मला डोळ्यांना लावलं आणि ओरडली, "आला!"

"बगळा असेल. चला रे, यंत्र सुरू करा!"

आजीने मला त्याच्या नाकावरच आदळलं. "आधी बघ, मेल्या!"

मी जीव एकवटला. लाल चोच, पांढरं अंग, काळ्या कडांचे पंख.

"फुटक्या काचेतून कोंबडीही करकोचा दिसेल," क्रुम म्हणाला. पण बोलता बोलता त्याची बोटं दोऱ्याची गाठ सोडत होती!

आजीने त्याचं मनगट पकडलं. "बगळ्यासाठी सोडतोस होय रे?"

गल्ली खदखदून हसली. क्रुम कानापर्यंत लाल झाला, मग स्वतःच हसला. "बंद करा रे यंत्र! आईला कळलं तर जेवायला घालायची नाही."

दोरा फुललेल्या जर्दाळूला बांधून होतो न होतो, तोच करकोचा घरट्यात उतरला आणि मान मागे टाकून चोच खडखडवू लागला. अशी सलामी मला सरहद्दीवर कधी मिळाली नव्हती.

मित्रांनो, जुनी वस्तू फेकण्याआधी एकदा डोळ्यांना लावून बघा. आणि पाखराचं घर मोडायला कुणी आलाच, तर बिनधास्त मला त्याच्या हाती द्या. तडकलेली असेन, आंधळी नाही.