ही शेपटी कोणाची?

फोटोबाईंच्या स्टुडिओत कामाची वाटणी एकदम पक्की होती. कॅमेरा सासूचा, म्हणजे खुद्द फोटोबाईंचा, कॉम्प्युटर सुनेचा. सासूबाईंनी जन्मात कधी माउसला बोट लावलं नव्हतं, आणि सुनेने कॅमेरा उचललाच तर तो फडक्याने पुसायला. फोटो काढून झाले की सासूबाई आतलं कार्ड सुनेच्या तळहातावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "घे बाई, शिजवलंय मी, आता वाढ तू." मधल्या वेळात पडद्यावर काय चालतं ते बघायला त्या कधी फिरकल्या नाहीत. फोटो छापून आले की चष्मा पुसायचा, फोटो लांब धरायचा, जवळ धरायचा आणि "हं, जमलंय" म्हणायचं. सून या घरात आली तेव्हापासून हे असंच बिनबोभाट चाललं होतं.

मागच्या वर्षी सासूबाईंनी लग्नाची कामं घेणं बंद केलं. म्हणाल्या, तेच ते नटलेले चेहरे बघून कंटाळा आला. आणि त्यांना खारींचं वेड लागलं. वेड म्हणजे असं तसं नाही! सत्तरीला टेकलेली बाई सकाळी उठून गावाबाहेरच्या रानात जायची आणि झाडाखाली पालथी पडून राहायची. लोकांनी तोंडात बोटं घातली. त्यांचा मुलगा ट्रक चालवायचा, महिन्यातले निम्मे दिवस रस्त्यावर. त्याने फोनवरूनच हात झटकले, "तुम्ही दोघी बघून घ्या काय ते."

कंटाळ्याचं नुसतं निमित्त होतं, हे एकट्या सुनेच्या लक्षात आलं. खारींचं पहिलं कार्ड तिने कॉम्प्युटरला लावलं आणि तिचा चेहराच उतरला. एक फोटो धड नव्हता. सगळीकडे नुसते फराटे, ओल्या चित्रावरून बाही फिरावी तशी. सासूबाईंचा हात थरथरत होता. थोडाथोडका नाही, चांगलाच.

आता तुम्हीच सांगा, तिने काय करायला हवं होतं? सरळ सांगायला हवं होतं. पण सासूबाई दारात उभ्या राहून लहान पोरीसारख्या विचारत होत्या, "आलेत का गं बरे?" सून म्हणाली, "छान आलेत, आई." आणि बसली दुरुस्तीला.

लग्नाच्या फोटोंत ती हेच तर करत आली होती. नवरदेवाचे डोळे मिटलेले असले तर दुसऱ्या फोटोतले उघडे डोळे आणून बसवायचे, मामाची ढेरी जरा आत घ्यायची. तेच तिने खारूताईला केलं. सासूबाई बटण दाबून धरायच्या, त्यामुळे फोटो ढिगाने असायचे. त्यातून नशिबाने एखादं तोंड बरं निघायचं, एखादा पाय, एखादी शेपटी. तीन-तीन खारींची मिळून सून एक खार शिवायची. छापून आलेला फोटो बघून सासूबाई खूश. "बघ, हात अजून गेला नाही माझा!" त्या म्हणायच्या, आणि सुनेला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

हे असंच चाललंही असतं. पण स्टुडिओच्या काचेत लावलेल्या खारी बघून बेकरीवाला आत आला. दुकानात लावायला त्याला एक खार मोठ्ठी करून हवी होती. वर म्हणाला, "बाई, पुढच्या आठवड्यात मुलीचं लग्न आहे. ठरवलेला फोटोग्राफर पाय मोडून बसलाय. इतकी बारीक खार टिपताय, मग लग्नं का सोडलीत? या एकदा माझ्यासाठी." आणि सासूबाई चक्क हो म्हणाल्या!

सुनेने आडून आडून विचारून बघितलं. "आई, दिवसभर उभं राहायचं, तुम्हाला झेपेल का?"

"खार झेपते आणि नवरी नाही झेपणार? नवरी काय झाडावर चढते का?"

घरातल्या घरात खारी शिवून देणं वेगळं. अख्खं लग्न कुठून शिवायचं? ते काही पुन्हा लावता येत नाही. आज सांगते, उद्या सांगते, असं करत तिने दोन दिवस ढकलले. तिसऱ्या दिवशी बेकरीवाल्याची मोठी खार छापून आली. सासूबाईंनी ती टेबलावर पसरली, चष्मा पुसला आणि वाकून बघत राहिल्या. "हं, जमलंय" काही येईना.

"ही शेपटी कोणाची?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"ही बुटकी आहे. ओढ्याजवळच्या झाडावरची. तिची शेपटी अर्धीच आहे, कोणीतरी तोडलेली. मी तिला रोज बघते. ही एवढी झुपकेदार शेपटी कोणाची?"

"आई, ती जरा... दुसरीची..."

"दुसरीची म्हणजे? जाऊबाईची उसनी आणली?"

पितळ उघडं पडलं. सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "मी काढलेले दाखव. जसे आहेत तसे." सून एकेक फोटो पुढे सरकवत गेली. शेवटचा फोटो सरल्यावर सासूबाईंनी उजवा हात टेबलावर ठेवला आणि तो कसा हलतो ते बघत बसल्या. सुनेला रडूच फुटलं.

"मला वाटलं, सांगितलं तर तुम्ही रानात जाणं सोडाल."

"सोडलं असतं," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला. "चार दिवस रडले असते. घरातल्यांना छळलं असतं. मग उठून काहीतरी मार्ग काढला असता. तू मला तेवढंही करू दिलं नाहीस. आणि त्या पोरीच्या लग्नात काय करणार होतीस गं? तिला कोणाचं तोंड लावणार होतीस?"

सून नाक पुसत राहिली. सासूबाईंनी चपला घातल्या. "चल. आधी त्याला सांगू."

बेकरीत भट्टीसमोर उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं, शेपटीसकट. बेकरीवाला पिठाच्या हातांनीच डोकं धरून बसला. "बाई, आता या वेळेला मी कोणाला शोधू?"

"ही काढेल," सासूबाई म्हणाल्या. "डोळा माझा पक्का आहे, हात हिचा. मी बाजूला असेन."

"हिने कधी कॅमेरा धरलाय?"

"पुसायला," सून म्हणाली. सासूबाईंनी तिच्याकडे असे डोळे वटारले की ती भिंतीला चिकटली.

बेकरीवाला माणूस भला, पण मुलीचा बाप. तो म्हणाला, "हिने काढलेला एक फोटो दाखवा. एकच. पण जोडकाम केलेला नको. तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. नाहीतर मला माफ करा, मी दुसरा कोणीतरी पकडतो." बाहेर आल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, "हे हुकलं तर कॅमेरा विकून टाकू." त्या थट्टा करत नव्हत्या.

पहिला दिवस सगळा फुकट गेला. सून पालथी पडली, तिच्या कोपरांना खडे टोचले, तोंडात पाचोळा गेला. शेजारी सासूबाई. खार खाली उतरली की त्या म्हणायच्या, "आता!" आणि सुनेने बटण दाबेपर्यंत खार दुसऱ्या झाडावर. कार्डावर काय, तर फांदी, फांदी आणि सासूबाईंचं पाऊल.

"तुला दिसत कसं नाही?"

"दिसतं हो, पण ती गेल्यावर दिसतं! आणि तुम्ही ओरडलात की ती पळते."

"मग काय तोंड शिवून बसू?"

"हो!" सून म्हणाली. मग स्वतःच दचकली. असं ती कधी बोलली नव्हती. पण तोंडातून निघालंच होतं, तर तिने पुढचंही बोलून टाकलं. "बोलू नका. हात माझ्या खांद्यावर ठेवा. वेळ आली की दाबा."

सासूबाईंनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. "हलेल तो," त्या म्हणाल्या.

"हलू दे. खांदा हलला तरी कॅमेरा मातीत टेकवलाय. दाबलंत की मला कळेल."

दुसऱ्या दिवशी त्या ढोलीसमोर पडल्या. एक खार सारखी ढोलीतून निघायची, समोरच्या झाडावर जायची आणि परत यायची. सुनेला वाटलं, हिलाही आज काम नाही. पण सासूबाई श्वास रोखून होत्या. ती खार आधी रिकाम्या तोंडाने रस्ता तपासून येतेय, पुढच्या खेपेला तोंडात काहीतरी असणार, हे त्यांना कळलं होतं. खांद्यावरचा हात थरथरत होता, पानासारखा. खार पुन्हा ढोलीत शिरली. बाहेर काहीच दिसत नव्हतं, तेवढ्यात खांदा दाबला गेला. घट्ट. सुनेने विचार केला नाही, बटण दाबलं.

कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर त्यांनी बघितलं. ढोलीच्या तोंडाशी खार होती, अर्धी आत, अर्धी बाहेर. तिच्या दातांत मानेला धरलेलं पिल्लू, मुटकुळं करून लोंबकळणारं. एकेक मिशी दिसत होती. "अगं आई गं," सासूबाई म्हणाल्या आणि तिथेच पाचोळ्यावर फतकल मारून बसल्या.

ठरल्या सकाळी दोघी तो फोटो जसाच्या तसा छापून घेऊन बेकरीत गेल्या. बेकरीवाल्याने तो उजेडात धरला, उलटाही करून बघितला. मग हाक मारून मुलीला बोलावलं. ती आतून हात पुसत आली आणि फोटो बघून तिचे डोळे चमकले.

"हा काढला कोणी?" तिने विचारलं.

"हिने," सासूबाई म्हणाल्या.

"आईंनी," सून म्हणाली.

मग दोघींनी एकदमच सांगायला सुरुवात केली, खांद्याचं, ढोलीचं, रिकाम्या तोंडाचं. बेकरीवाला हसायलाच लागला. मुलगी मात्र मन लावून ऐकत होती. ती म्हणाली, "दाबता कसं, मला दाखवा ना. लग्नात मला कळायला नको, तुम्ही कधी दाबताय ते. पण आत्ता दाखवा."

पाव न्यायला आलेली गिऱ्हाइकं रांगेत उभी होती. त्यांतल्या निम्म्यांच्या लग्नाचे फोटो फोटोबाईंनीच काढलेले. सासूबाईंनी एकदा सगळ्यांकडे बघितलं. मग हात उचलला आणि सुनेच्या खांद्यावर ठेवला. हात थरथरत होता आणि सगळ्यांना दिसत होता. सासूबाईंनी तो मागे घेतला नाही.