संदेशचं पुढे ढकललेलं लग्न

नीटचा निकाल लागला त्या दिवशी संचितानं मोबाइल आईच्या हातात दिला आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. बायोलॉजीनं तारलेलं, पण फिजिक्सनं पुरतं बुडवलं होतं. सरकारी कॉलेजची आशा नव्हती आणि खासगीचं नाव डोंबिवलीतल्या त्या घरात कुणी काढलंही नसतं. संध्याकाळी ती बाहेर आली ती ठरवूनच. "मी ड्रॉप घेते. एकच वर्ष."

वडिलांनी, महिपतरावांनी, मान डोलावली. आई शेवंतीबाईला मात्र काळजी लागली, कारण घरात एक लग्न ठरलेलं होतं. थोरल्या संदेशचा साखरपुडा नुकताच झालेला. मुलगी आंबिवलीची, कल्पिता. तुळशीचं लग्न लागलं की बार उडवून द्यायचा, असं दोन्ही घरांचं बोलणं झालेलं. अडचण जागेची. घर वन बीएचके. लग्नानंतर आतली खोली नव्या जोडप्याला द्यावी लागणार, आणि संचितानं तर तिथल्या भिंतीसुद्धा केमिस्ट्रीच्या तक्त्यांनी भरून टाकलेल्या.

संदेश एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये होता. माणूस कमी बोलणारा. जेवताना त्यानं सरळच विचारलं, "संचू, डिसेंबरात लग्न केलं तर तुला त्रास होईल का गं?"

"होईल," ती ताटातून मान वर न करता म्हणाली.

संदेशनं आमटी वाढून घेतली. दुसऱ्या दिवशी आंबिवलीला निरोप गेला, की लग्न मे महिन्यात, परीक्षा आटोपल्यावर.

त्याच आठवड्यात कल्पिता स्वतः आली. ती कल्याणच्या एका बालवाडीत शिकवायची. शाळा सुटल्यावर घरीसुद्धा न जाता तशीच आलेली, संचितासाठी कागदाच्या पुडीत जांभळं घेऊन. पलंगाच्या कडेला टेकली.

"अगं, माझ्या धाकट्या बहिणीचंही जमलंय," ती म्हणाली. "तिच्या सासरचे मेपर्यंत थांबणार नाहीत, आणि माझ्याआधी तिचं करायला बाबा तयार नाहीत. खोली तुझीच राहू दे ना. आम्ही हॉलमध्ये झोपू. मी टीव्हीसुद्धा लावणार नाही, बघ."

संचिताला ती आवडलेली. साखरपुड्याच्या दिवसापासून ती तिला वहिनीच म्हणत होती. पण समोर सोडवायची प्रश्नपत्रिका पडलेली, आणि तिचं अर्धं लक्ष घड्याळाकडे.

"लग्नघर म्हटलं की पाहुणे येणारच, वहिनी. मला शांतता लागते. एका वर्षाचा तर प्रश्न आहे."

कल्पितानं मान हलवली. "बरं. नीट अभ्यास कर हं." बाहेर जाऊन ती शेवंतीबाईंच्या पाया पडली आणि गेली.

तिच्या वडिलांनी, गोविंदरावांनी, दिवाळीपर्यंत कळ काढली. मग एका रविवारी सोयरीक मोडायला आले, तोंड पाडून. "माझ्याही हातात काही राहिलं नाही हो," असं ते महिपतरावांना म्हणताना आत संचिताला ऐकू येत होतं. तिच्या मनात आलं, उठावं आणि सांगावं, करा लग्न डिसेंबरात, मी स्टेशनजवळच्या अभ्यासिकेत जाऊन बसेन. क्लासमधली अर्धी पोरं तिथंच तर बसायची. पण दुपारी ठाण्याला टेस्ट होती. ती उठली नाही.

माघात कल्पिताचं लग्न झालं, बदलापूरच्या मुलाशी. त्या दिवशी संदेश कामावर गेला. आला, जेवला, आणि संचिताला म्हणाला, "लाइट कमी पडतोय का तुला? नवी ट्यूब लावू?"

पुढच्या वेळी तिला सीट मिळाली. कोकणातलं सरकारी कॉलेज. संदेशनं कारखान्यात पेढे वाटले, तिची बॅग स्वतः नेऊन हॉस्टेलवर ठेवली. ती गेली आणि आतली खोली रिकामी झाली.

दिवाळीला संचिता घरी आली तर संदेशची गादी अजून हॉलमध्येच. "आत झोप म्हणून सांगून थकले," शेवंतीबाई म्हणाली. "स्थळं आणली की बघू म्हणतो. बघत काही नाही."

पाडव्याच्या सकाळी दोघं भावंडं गॅलरीत चहा पीत उभी होती.

"दादा," ती म्हणाली, "तेव्हा मी 'होईल' म्हणायला नको होतं."

"मीच विचारलेलं ना तुला."

"मी अभ्यासिकेत बसू शकले असते."

तो आत्ता समजूत घालेल, असं तिला वाटलं. लहानपणापासून तो तेच करत आलेला. संदेशनं खाली पोरं फटाके लावत होती तिकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "बसू शकली असतीस."

आवाजात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं.

"सुट्टी कधीपर्यंत?" त्यानं विचारलं.

"रविवारपर्यंत."

"मग आईला डोळे तपासायला घेऊन जा. माझं ऐकत नाही. तुझं ऐकेल, तू आता डॉक्टर होणार."

ती बरं म्हणाली. संदेशनं दोन्ही कप उचलले आणि आत जाऊन धुवायला घेतले. कबूल केलं की ओझं उतरेल, असं धरून ती कॉलेजातून आली होती. तसं काही झालं नाही. ती तिथंच उभी राहिली आणि नळाचं पाणी पडताना ऐकत राहिली.